अडुसष्ट किलो ज्वारी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांच्या रांगेत एक पत्र्याची शेड आहे. बाहेर पाटी नाही. पाटी लावायला सवड झाली नाही, असं विरेश सांगतो. खरं तर पाटीवर काय लिहायचं तेच त्याचं ठरत नाही. एकदा खडूनं दारावर ‘सस्पेन्शन’ लिहिलं, तर शेजारच्या कारखान्यातल्या चार जणांनी येऊन विचारलं, कुणाला सस्पेंड केलं म्हणून.

तेव्हा इथंच सांगून टाकलेलं बरं. खड्ड्याचा दणका चाकाला बसतो, तो माणसाच्या कमरेपर्यंत पोचू नये म्हणून गाडीच्या पोटाखाली शॉकअप, आर्म, रबरी बुश अशी सगळी मंडळी राबत असतात. त्यांची दुखणी विरेश काढतो. तीही साध्यासुध्या गाड्यांची नाहीत. जर्मनीच्या, इटलीच्या, ज्या गाड्या बघता बघता शंभरावर जातात आणि आपल्याकडचा स्पीडब्रेकर दिसला की देवाचं नाव घेतात, त्यांची. अशा गाड्या हैदराबादहून, विजापूरहून, कोल्हापूरहून या बिनपाटीच्या शेडपुढं येऊन उभ्या राहतात. सोलापूरला माणसं फक्त चादरी घ्यायला येतात, असं समजणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

विरेशचे वडील शरणप्पा वळसंगहून शहरात आले ते ट्रकचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसवायला. पाटा घणाचं ऐकतो, त्यामुळे शरणप्पांचा दंड आणि आवाज दोन्ही दांडगे होते. विरेश आयटीआय करून पुण्याला गेला आणि परदेशी गाड्यांच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं राबला. तिथं त्याला दोन गोष्टी कळल्या. एक, या गाड्या घणाचं ऐकत नाहीत. दोन, गाडीबरोबर जे जाडजूड पुस्तक येतं ते कुणीच वाचत नाही. विरेशनं ते वाचलं. इंग्रजी अडायचं तिथं बायको धनलक्ष्मी वाचून अर्थ सांगायची. वडील थकल्यावर तो परत आला, तो ते पुस्तक डोक्यात घेऊनच.

त्या पुस्तकातली एक गोष्ट त्यानं देवघरातल्या दिव्यासारखी सांभाळली. नवीन आर्म बसवला की त्याचे बोल्ट गाडी हवेत लटकत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. गाडी जमिनीवर टेकवायची, टाकी भरायची, पुढच्या दोन्ही सीटवर माणसाएवढं, अडुसष्ट-अडुसष्ट किलो वजन ठेवायचं, आणि मगच शेडमधल्या, गाडीखालच्या खड्ड्यात उतरून खालून पाना लावायचा. कुणी विचारलं तर विरेश म्हणायचा, “उभ्यानं करकचून बांधलेलं धोतर जेवायला बसल्यावर काचतंय का न्हाय? तसंच हाय की. हवेत आवळलं की रबर पिळलेलंच ऱ्हातंय, आन चार महिन्यात फाटतंय.”

जर्मनीत या कामाला खास वजनं मिळत असतील. विरेशनं वळसंगच्या आपल्या रानातली मालदांडी ज्वारी चौतीस किलोच्या चार पोत्यांत भरली, शेजारच्या कारखान्यातल्या सुताच्या काट्यावर तोलली आणि तोंडं शिवून टाकली. एकेका सीटवर दोन-दोन पोती. सुरुवातीला तो प्रत्येक कामाआधी ती पुन्हा तोलायचा. मग महिन्यातून एकदा. मग, खरं सांगायचं तर, कंटाळा आला. शिवलेलं पोतं कुठं जातंय!

असाच एक दिवस पुण्याचा पृथ्वीराज नावाचा तरुण कारखानदार आपली दोन दारांची जर्मन गाडी घेऊन आला. वळणावर पुढून ‘टक्’ असा आवाज येत होता. दोन ठिकाणी दोनदा आर्म बदलून झाले होते, आणि दोन्ही वेळा आवाज पुन्हा आला होता. विरेशनं खालून बॅटरी मारली. दोन्हीकडचे बुश एकाच जागी फाटलेले. बोल्ट हवेतच आवळले होते, हे त्याला तिथंच कळलं. दोन दिवस काम चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा जोडीदार मल्लेश, जुना लूमवाला, पिळदार मिशांचा गडी, यानं पोती सीटवर चढवली, विरेशनं बोल्ट आवळले, अलाइनमेंट केली. पृथ्वीराज होटगी रोडला चक्कर मारून आला तो हसतच.

“विरेशभाऊ, आवाज गायब! आमच्या ग्रुपमध्ये अशा अकरा गाड्या आहेत. ही नीट राहिली तर सगळ्या तुमच्याकडं.”

तो गेला. अकरा गाड्या! विरेशला वाटलं, आज वडील, अण्णा, असायला हवे होते. त्याच आनंदात तो पोती कोपऱ्यात सरकवायला लागला, आणि एक पोतं हाताला सहज उचलून आलं.

त्यानं ते तसंच शेजारच्या काट्यावर नेऊन टाकलं. बावीस किलो.

“मल्लेश, पोतं हलकं लागलं न्हाय तुला?”

“लागलं की,” मल्लेश म्हणाला. “मला वाटलं, आज अंगात लई जोर हाय.”

पोत्याची खालची शिवण उसवून पुन्हा घातलेली होती. टाका सुबक होता. तो कुणाचा हे ओळखायला विरेशला वेळ लागला नाही. शेडच्या मागंच घर. आई, गुरम्मा, दारात शेंगा सोलत बसली होती.

“अव्वा, माझ्या पोत्यातली ज्वारी काढलीस व्हय?”

“काढली की,” गुरम्मा शांतपणे म्हणाली. “दुकानच्या ज्वारीची भाकरी रबरागत हुती. आपल्या रानातली असताना ती का खायाची? आन गाडीला कुटं भाकरी खायाचीय?”

महिनाभर तो स्वतःच ती भाकरी चवीनं खात होता.

विरेश खड्ड्याच्या काठावर बसला. ते पोतं डाव्या सीटवर होतं. बारा किलो कमी म्हणजे डावी बाजू मिलिमीटर-दीड मिलिमीटर वर. शंभरातल्या नव्याण्णव मिस्त्र्यांनी याला चूक म्हटलंच नसतं. कदाचित काही होणार नाही. कदाचित आठ-दहा महिन्यांनी डावा बुश फाटेल, आणि तोवर खड्ड्यांना शिव्या देता येतील. फोन केला तर मात्र पृथ्वीराज विचारणार, वजन कमी कसं झालं? आणि सांगायचं काय, की आईनं भाकऱ्या केल्या? पुण्याच्या त्या ग्रुपमध्ये वर्षभर हसतील. अकरा गाड्या गेल्या म्हणून समजायचं.

पण ज्याच्या जोरावर तो दुसऱ्यांची कामं खोलून ‘हे बघा, हवेत आवळलंय’ म्हणायचा, तोच नियम आज त्याच्या हातून मोडला होता, आणि हे माहीत असणारा माणूस गप्प बसला तर त्यानं पुन्हा कुणाच्या कामाला नाव ठेवू नये. त्यानं फोन लावला.

पृथ्वीराज मोहोळच्या पुढं गेला होता. “अहो, गाडी लोण्यासारखी चाललीय!”

“चालंल साहेब, पर काम बरोबर न्हाय झालं. माझी चूक हाय. वजन न तोलताच ठेवलं. परत या, न्हायतर मी तिकडं येतो.”

पलीकडून चिडका आवाज आला, “येतो.”

तो येईपर्यंत बारा किलोंची सोय करायची होती. गुरम्मानं सगळं ऐकलं होतं. ती उठली, पदर खोचला आणि थेट सुताच्या काट्यावर जाऊन उभी राहिली. सहासष्ट.

“मीच बसते,” ती म्हणाली. “मी खाल्ली, मीच भरती.”

दुपारी पृथ्वीराजनं गाडी आणून किल्ली दिली, आणि थोड्या वेळानं बघतो तर आपल्या गाडीच्या पुढच्या सीटवर इरकल नेसलेली, कपाळावर विभूती लावलेली एक म्हातारी ताठ बसलीय, मांडीवर दोन किलो पान्यांची पिशवी, आणि शेजारच्या सीटवर ज्वारीची दोन पोती. खालून विरेशचा आवाज येतोय, “अव्वा, हलू नको!” एकेक बोल्ट सैल झाला, रबर मोकळं झालं, आणि टॉर्कपाना ठरल्या जोराला ‘कट्’ म्हणेपर्यंत पुन्हा आवळला गेला. तासभर गुरम्मानं मान वळवली नाही.

“साहेब,” ती समोर बघतच म्हणाली, “चूक त्याची न्हाय. माजी हाय.”

“न्हाय,” खालून विरेश म्हणाला. “तोलायचं काम माझं हुतं.”

पृथ्वीराज हसला नाही. चिडलाही नाही. काम झाल्यावर गाडीत बसला, मान हलवली आणि निघून गेला. ग्रुपचं, अकरा गाड्यांचं नाव त्यानं काढलं नाही. विरेशनंही विचारलं नाही. रात्री जेवताना तो नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त खाऊन उठला, आणि आपण बरं केलं असं त्याला मनापासून वाटलं.

नऊ दिवस पुण्याहून कुणी आलं नाही. दहाव्या दिवशी सकाळी एमआयडीसीच्या रस्त्यावर सायकलीवरून कामाला निघालेली माणसं थांबून बघायला लागली. एकामागं एक पुण्याच्या नंबरच्या चार गाड्या, जमिनीला पोट टेकतंय की काय अशा, हळूहळू पाटी शोधत येत होत्या. पाटी नव्हतीच. पहिल्या गाडीची काच खाली झाली. आतल्या बाईंनी टॉवेल कारखान्याच्या वॉचमनला विचारलं,

“स्वतःची चूक फोन करून सांगणारे मिस्त्री इथं कुठं असतात?”

वॉचमन गोंधळला. विरेश शेडच्या दारातच उभा होता, कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेला. आजवर त्याला ‘हातात जादू आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटले होते. हे असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं फडक्याला हात पुसले आणि तो रस्त्यावर आला.

“मीच त्यो,” तो म्हणाला. “या. आत घ्या गाडी.”