दिवाणखान्यातलं घुबड

ऐंशीच्या दशकात आम्ही परदेशात, वेस्ट विंडसरला घर घेतलं, तेव्हा माझ्या प्राध्यापक बाईंनी भिंतीसाठी एक चित्र दिलं. कॅनडाच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या एका इन्युइट बाईनं काढलेलं घुबड. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, आणि इथली नोकरीही प्राध्यापक बाईंच्या शब्दामुळे मिळालेली. त्या जेवायला येणार होत्या, त्यामुळे चित्र भिंतीवर दिसायलाच हवं होतं. पण नागपूरहून आलेले बायकोचे काका ते रोज उतरवून कपाटामागे ठेवत आणि मी रोज पुन्हा लावत असे.

"जावईबापू, नव्या घरात घुबड? आणि तेही छापील. म्हणजे कॅलेंडरच की."

मी पुन्हा समजावलं, की त्या इन्युइट बाईनं चित्र काढलं, दुसऱ्या कारागिरानं ते दगडावर कोरलं, मग दगडाला शाई लावून, वर पातळ कागद घालून, हातानं घासून एकेक प्रत उतरवली.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "एवढ्या थंडीत एवढी मेहनत," ते म्हणाले, "आणि काढलं काय, तर घुबड."

मी चित्र पुन्हा भिंतीवर लावलं.

प्राध्यापक बाई आल्या त्या संध्याकाळी चित्र जागेवर होतं, कारण दुपारपासून मीच तिथे राखण करत बसलो होतो. काका मात्र, आपली नजर त्यावर पडायला नको म्हणून, थेट घुबडाखालच्या खुर्चीत पाठ करून बसले.

"काकांना चित्र फार आवडलेलं दिसतं," बाई कौतुकानं म्हणाल्या.

मी मान डोलावली आणि वरण वाढायला घेतलं.