घरमालकांनी सांगितलेला सिनेमा

आमच्या घरमालकांसारखा सिनेमा सांगणारा माणूस अख्ख्या पिंपळे सौदागरात नव्हता. सांगणारा म्हणजे पाहून आल्यावर नव्हे, पाहता पाहता! साखरेच्या आजारानं त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची नजर गेली, तेव्हापासून बारा वर्षं हा माणूस टीव्हीसमोर बसून त्यांना सगळं सांगायचा. "सासू आली. हिरवं लुगडं हाय. त्वांड वाकडं केलंय." गेल्या वर्षी काकू गेल्या, सवय मात्र राहिली. बातम्या, क्रिकेट, साबणाच्या जाहिराती, काही म्हणता काही सुटायचं नाही. माझ्या स्कूटरवर मागे बसले तरी "खड्डा आला, म्हस आडवी आली" चालूच. एकदा तर दाढी करून घेताना न्हाव्यालाच, तो काय करतोय ते सांगत होते म्हणे!

माझ्या मुलीनं जपानी कार्टून सिनेमाची दोन तिकिटं काढली आणि ऐनवेळी तिला क्लासची परीक्षा आली. मी काकांना म्हटलं, चला. ते कडक इस्त्रीचा सदरा घालून तयार.

पडद्यावर जपानी बोलणं, खाली इंग्रजी अक्षरं. काकांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी सुरू झाले. "पोरगी हाय. आय मेलीया तिची. आयला हुडकाया धुक्यात शिरली. पाऊल टाकलं की वय वाढतंय बघ गं तिचं!" मी अक्षरं वाचण्यात गुंग, मला हे दिसलंही नव्हतं. एवढ्यात पुढच्या रांगेतली पोरं वळली. नेमकी माझ्याच कंपनीतली, चाकणची!

"सर, हे तुमच्याबरोबर आहेत का?"

"नाही," मी म्हटलं. आम्हा दोघांचे हात खुर्चीच्या एकाच दांडीवर होते.

पडद्यावर मुलगी आईएवढी झाली, आई हात सोडून धुक्यात निघून गेली. काकांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

परतताना खड्डे आले, म्हशी आल्या, मागून शब्द नाही. न राहवून मी म्हटलं, "काका, शेवटी काय झालं हो? सांगा की."

"तुमी व्हता की तितं," ते म्हणाले. रागानं नाही, अगदी सहज.

सगळं माहीत असून मी तसं बोललो, याची लाज काही केल्या जात नाही. हल्ली संध्याकाळी खालून नुसता टीव्हीचा आवाज येतो. माफी मागायला दोनदा जिना उतरलो. दोन्ही वेळा त्यांनी स्वतः चहा केला, आणि मी तो पिऊन वर आलो.