बरणीतलं समुद्राचं पाणी

आई रत्नागिरीकडची आणि वडील कळंबच्या निजामी दवाखान्यात डॉक्टर. एकदा माहेराहून येताना आईनं काचेच्या बरणीत एक पिवळा समुद्री मासा आणला, तिथल्याच पाण्यासकट. मी तेव्हा हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला आले होते.

काही दिवसांनी मासा तळाच्या दगडावर अंग घासू लागला. कल्ल्यांजवळ रव्यासारखे पांढरे दाणे दिसत होते.

शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "अगं बया, माशाला गोवर आला व्हय? लिंबाचा पाला फिरवा की!"

आई हसली नाही. वडिलांनी भिंगातून पाहिलं. दाणे जिवंत होते, माशाच्या अंगावर जगणारे किडे. मी त्यांच्या इंग्रजी पुस्तकातला उपाय वाचून दाखवला : मासा थोडा वेळ गोड्या पाण्यात ठेवावा. तसं केल्यावर दाणे खरंच गळाले.

"आता बरणीतलं पाणी फेकून दे," वडील म्हणाले. "त्यात किड्यांची पिल्लं असतील. आपण मिठाचं नवं पाणी करू."

"ते माझ्या गावचं पाणी आहे," आई म्हणाली आणि मासा तिनं त्यातच सोडला.

दाणे परत आले. मासा मेला. बरणी मात्र खिडकीतच राहिली. उन्हाळ्यात पाणी आटलं आणि काचेवर मिठाचा पांढरा थर उरला. तो आई कुणाला पुसू देत नसे.