मोरचूद

"हात दाखव."

कॉलेजच्या लायब्ररीचा काउंटर. माझ्या मागं रांग. ग्रंथपाल सरांनी पुस्तक माझ्यासमोर धरलेलं, पण सोडलेलं नाही. नवंकोरं, पातळ कव्हराचं, अर्थशास्त्राचं. परीक्षेला त्यातलंच येणार, असं मॅडमनी वर्गात सांगितलेलं.

मी हात दाखवले. का दाखवले, ते आजही सांगता येत नाही. शाळेत नखं तपासायला पोरं हात पुढं करतात ना, तसे केले. सेकंड इयरला होते मी. तरी केले.

सरांनी चष्म्याच्या वरून बघितलं. माझी नखं कडेनं निळी होती.

"अरे वा! आता नखंसुद्धा निळी का?"

रांग हसली. निळा आमच्या वस्तीच्या झेंड्याचा रंग. सरांना काय म्हणायचं होतं, ते हसणाऱ्या सगळ्यांना कळलं. मलाही कळलं.

"पेपरबॅक तुमच्या हातात टिकत नाही, बाई. बाइंडिंगला जाऊन आलं की घे."

पुस्तक मागं गेलं. माझ्या मागं वर्गातलाच एक मुलगा उभा होता. गावाकडं बागायत, शहरात स्वतःचं घर. "काय रे, दादा बरे आहेत ना?" असं म्हणत सरांनी तेच पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. तो कँटीनमधून भजी खात आलेला. कव्हरवर त्याचा तेलाचा अंगठा उमटला. माझ्या डोळ्यांदेखत. सर म्हणाले, "जपून रे." बस्स, एवढंच.

मी हात ओढणीखाली घेतले. मुकुंदवाडीतल्या आमच्या वस्तीपर्यंत तसेच. सिटी बसमध्ये दांडा धरायलाही बाहेर काढले नाहीत. वळणावर एका बाईच्या अंगावर गेले. तिच्या शिव्या खाल्ल्या. हात काढले नाहीत.

ते निळं कशाचं, हे मला सांगता आलं असतं. एकच वाक्य होतं. माझी माय तुमचीच पुस्तकं बांधते, सर.

कॉलेजं पेपरबॅक घेतात, कारण ती स्वस्त पडतात. मग टिकावीत म्हणून कव्हर फाडायचं, पाठ शिवायची, वर पुठ्ठा आणि रेक्झिन चढवायचं. काम मिळतं शहरातल्या दुकानाला. दुकानदार गठ्ठे आणून टाकतो आमच्या वस्तीत, बायांच्या घरी. माय दाभणानं शिवायची, खळ लावायची. खळ म्हणजे शिजवलेला मैदा. त्यात मोरचूद. पुस्तकाला कीड लागू नये म्हणून. मोरचूद निळं असतं. नखात एकदा बसलं की बसलं. मायच्या बोटांची तर सालपटं निघायची. खळ कालवायचं काम माझं होतं.

फाडलेली कव्हरं माय फेकायची नाही. भिंतीचे पोपडे झाकायला लावायची. तिला वाचता येत नाही, रंग बघून लावायची. काही उलटीच. आमच्या घरात पुस्तकांची तोंडं होती. पुस्तकं नव्हती.

त्या दिवशी घरी येऊन मी लिंबू घासलं. मग अंग घासायचा दगड घेतला. रक्त आलं, निळं तसंच.

"काय झालं गं?" माय म्हणाली.

"काय नाय."

"कुणी बोललं का?"

"नाय म्हणलं ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर माय खळ कालवत बसलेली. दोन्ही हातांना दुधाच्या पिशव्या, मनगटाला रबर. मला बघून म्हणाली, "तू नको हात लावू आता. कालेजात बरं नाय दिसत."

काउंटरवर मेले नव्हते, ती त्या सकाळी मेले. माझी लाज माझ्या मायला लागली होती. पिशवीत तिला दाभण धरता येईना. निसटायचं, बोटात घुसायचं. ती पिशवी बदलायची आणि पुन्हा शिवायला बसायची. कितीतरी दिवस. मी बघत होते.

परीक्षेच्या तोंडावर गठ्ठा आला. त्यात ते पुस्तक. कव्हरवर तेलाचा अंगठा.

"माय, हे नको शिवू. मला वाचायचंय."

"तुझ्या कालेजात नाय व्हय हे?"

"तिथलंच हाय."

"मंग तिथं का नाय वाचलं?"

तेव्हा सांगितलं. हात, नखं, रांगेचं हसणं, सगळं. मायनं रबर काढले, पिशव्या काढल्या, चुलीत टाकल्या. पुस्तकाचं कव्हर फाडून माझ्याकडं दिलं. पाठीचा डिंक खरवडला, पानं सुटी केली आणि माझ्यासमोर ठेवली.

"वाच. वाचलेलं देत जा, तसं शिवते."

मी वाचत गेले, ती शिवत गेली. दुकानदार येऊन दारात खेकसला, "मावशी, एवढं शिवायला लई दिस लागले का?" माय म्हणाली, "खळ वाळना, भाऊ. मी काय फुंकर मारू?"

पुस्तक लायब्ररीत परत गेल्यावर मी काउंटरवर गेले. सरांनी त्याच्यावर थाप मारली. "हे बघ, कसं दगडासारखं झालंय. आता नेशील. आधी हात धुऊन ये."

सकाळीच खळ कालवलेली होती. मुद्दाम, सगळी बोटं बुडवून.

"नाय धुणार."

ओढणीतून हात काढले. फाडलेलं कव्हर काउंटरवर ठेवलं.

"हा अंगठा बघा, सर. भज्याच्या तेलाला पेपरबॅक चालतं. हे निळं मोरचूद हाय. तुमच्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीत हाय. हे माझ्या मायनं शिवलंय. आता हात नका बघू. नियम दाखवा."

आवाज फाटला होता. नाक वाहत होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तो मुलगा मोबाइलमध्ये बघत राहिला. सर म्हणाले, "फार शेफारलात तुम्ही लोक." पुस्तक दिलं नाही. नियमही दाखवला नाही. मी हात धुतले नाहीत.

पेपर लिहिला. पास झाले. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे मी.

लाज गेली असं मी म्हणणार नाही. अजूनही कुणी माझ्या हातांकडं बघितलं की मुठी आपोआप मिटतात. मग मी त्या उघडते. दर वेळी उघडाव्या लागतात. आता ग्रंथालयशास्त्राला नाव घातलंय. मला त्या काउंटरच्या आत बसायचंय. निळी नखं घेऊनच बसणार.

माय अजून शिवते. खळ मीच कालवते, उघड्या हातानं. मोरचूद जरा जास्तच टाकते.

कीड अजून मेलेली नाही.