तानबाजीच्या टोपीची जागा

तर काल सांगत होतो, सिनेमावाल्यांनी आमच्या पंचफुला वहिनीच्या नवऱ्याला, तानबाजीला, घोड्यावर बसवलं. आता तानबाजीच्या अंगणात उभ्या जन्मात बैलजोडी आणि एक शेळी. घोडा कुठून आला बुवा?

तानबाजी म्हणजे बेचाळीसच्या गोळीबारात गेलेले हुतात्मा. हिंगणघाटात त्यांच्या नावाचा चौक आहे, पण फोटो कुठेच नाही. त्या काळी काढणार कोण? म्हणून दर क्रांतिदिनी वहिनी गावच्या शाळेत पाट मांडायची, त्यावर त्यांची खादीची टोपी ठेवायची, आणि पहिला हार तिचाच.

स्वातंत्र्याच्या पन्नाशीला हे सिनेमावाले आले. वहिनीनं झुणका-भाकर घालून त्यांना सगळं सांगितलं. माणूस बुटका, त्यात तोतरा. सभेत उभा राहिला की पोरं हसायची, म्हणून बोलणं सोडून मोर्चात सगळ्यांच्या पुढं चालायचा. दिग्दर्शकानं मान डोलावली, आणि सिनेमात भाषणांवर भाषणं. वहिनीनं जाब विचारला तर म्हणे, आजी, तोतरा हुतात्मा लोकांना चालत नाही.

टॉकीजमध्ये मी तिच्या शेजारीच होतो. छातीत गोळी घेऊनही हिरो बोलतोय, बोलतोय, थांबायचं नाव नाही. वहिनी माझ्या कानाशी वाकली, "भाऊजी, हा मरून काऊन नाई राह्यला?"

मला हसू आवरेना. ती हसली नाही. येताना बसमध्ये उलट मलाच रागावली, हसण्यासारखं काय होतं म्हणून.

पुढच्या क्रांतिदिनी सरपंच घनश्याम त्या नटाची भलीमोठी तसबीर घेऊन शाळेत हजर. खाली ठळक अक्षरांत 'हुतात्मा तानबाजी'. पाटावरची टोपी उचलून त्यानं खिडकीत ठेवली. म्हणे, पाहुणे येणार, टोपीला हार बरा दिसत नाही. पोरांना चेहरा कळला पाहिजे. मी बोलायला गेलो तर मास्तरांनी माझा हात दाबला. कार्यक्रम बिघडेल म्हणाले. जसा काही बिघडायचा बाकी होता.

घनश्यामनं वहिनीच्या हाती हार दिला. तिनं तसबिरीकडे नीट पाहिलं, हार त्याच्याच हातात परत ठेवला, खिडकीतली टोपी घेऊन पदरानं झटकली आणि म्हणाली,

"तूच घाल बाबू. पोरगा देखणा आहे, पोटासाठी केलं त्यानं, त्याच्यावर राग नाई. पण मी कुकू पुसलं, ते याच्यासाठी नाई."