जिजाबाईंची मनगटं

आमच्या शेजारच्या कौशल्याबाई पुलगाव रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमात आया होत्या. म्हाताऱ्यांना न्हाऊ घालणं, भरवणं, अंथरूण बदलणं हे त्यांचं काम. तोंडानं फटकळ, पण हात मऊ. १९७८ च्या उन्हाळ्यात त्या माझ्या ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, मले एक अर्ज लिहून द्या."

आश्रमातल्या जिजाबाईंना वयोमानानं भ्रम झाला होता. एकदा माहेरी जाते म्हणून त्या पार रेल्वे फाटकापर्यंत गेल्या. तेव्हापासून व्यवस्थापक अण्णाजींच्या हुकमानं त्यांचे हात लुगड्याच्या चिंधीनं खाटेला बांधत. आधी दुपारचा तासभर, मग दिवसभर. मनगटं सोलून निघाली होती.

अर्ज मी झोकात लिहिला. पण मास्तरकीची खोड कुठे जाते! आमचा प्रत्येक अर्ज 'मुख्याध्यापकांमार्फत' जायचा. त्याच सवयीनं, संस्थेचे अध्यक्ष बापूजी यांच्या नावाखाली मी 'व्यवस्थापकांमार्फत' असं लिहून मोकळा झालो. कौशल्याबाईंनी तो इमानदारीनं अण्णाजींच्याच हाती दिला. अर्ज गडप झाला. वर अण्णाजींनी बजावलं, "पुन्हा तोंड उघडलं त घरी बसजो." त्या विधवा बाईचं घर या एका नोकरीवर चालायचं. मला त्या 'मार्फत'ची अजून लाज वाटते.

महिन्याभरानं बापूजींच्या आईचं श्राद्ध आलं. त्या दिवशी ते आश्रमात जेवण देत. अण्णाजींनी सगळ्या म्हाताऱ्यांना धुतलेली लुगडी नेसवायला लावली आणि जिजाबाईंना मुद्दाम लांब बाह्यांचं पोलकं. पंगत बसली. जेवणाऱ्यांच्या हातावर पाणी घालायला दरवर्षी नोकर तांब्या घेऊन फिरायचा. यंदा कौशल्याबाईंनी तो तांब्या थेट बापूजींच्या हातात दिला.

"मायच्या नावाचं जेवण हाय, बापूजी. पाणी तुमीच घाला जी."

बापूजी खुशीनं एकेकीच्या हातावर पाणी घालत निघाले. जिजाबाईंपाशी आल्यावर कौशल्याबाईंनी म्हातारीच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. बापूजी थबकले.

"हे कोणी केलं?"

"लय खाजवते ते," अण्णाजी घाईनं म्हणाले.

"नाई जी," कौशल्याबाई म्हणाल्या. "अण्णाजीनं सांगतलं अन् मीच बांधलं, या हातानं. काढाचं असन त मलेबी काढा."

बापूजी त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळपर्यंत अण्णाजींना नारळ मिळाला. कौशल्याबाईंना मात्र कोणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या जिजाबाईंना निजवायला गेल्या. चिंध्या सकाळीच चुलीत घातल्या होत्या. म्हातारी मुकाट्यानं खाटेवर आडवी झाली, आपणहून दोन्ही हात पुढे केले आणि वाट पाहत राहिली.

हे सांगताना ती फटकळ बाई माझ्या ओट्यावर हमसून रडली. "मीच शिकवलं तिले हे, मास्तर," एवढंच म्हणत राहिली.