केमिकल कंपनीतला गोऱ्हा

"गन आणलीत ना?" मी जीपमधून उतरायच्या आत राऊतसाहेबांनी विचारलं. ते त्या कंपनीचे सेफ्टी ऑफिसर. त्यांना बेशुद्धीचं इंजेक्शन मारायची बंदूक म्हणायची होती. मी बोईसरच्या सरकारी गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे.

कुत्री मागे लागली म्हणून एक गोऱ्हा, म्हणजे अजून नांगराला न जुंपलेला तरणा बैल, सकाळी उघड्या गेटमधून आत घुसला होता. आता तो मागच्या आवारात होता. एका बाजूला कंपाऊंडची भिंत, दुसऱ्या बाजूला सॉल्व्हंटच्या ड्रमांच्या रांगा. सॉल्व्हंट म्हणजे रंग, औषधं बनवताना लागणारं द्रव, पेटायला ठिणगीसुद्धा पुरते. गोऱ्ह्याच्या धक्क्याने दोन ड्रम आधीच आडवे झाले होते. नशिबाने ते रिकामे होते.

मी गन वापरणार नाही म्हटल्यावर राऊतसाहेब चिडले. मी त्यांना समजावलं. इंजेक्शन लागल्यापासून जनावर खाली बसेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातात. तेवढा वेळ ते झिंगत धावतं. धावून पडणार कुठे, तर ड्रमांत. शिवाय भरल्या पोटी आडवं पडलेलं जनावर फुगतं, पोटातलं श्वासनळीत जाऊन मरूही शकतं.

"मग करणार काय?"

"चालत बाहेर नेणार," मी म्हणाले.

हे मी उगाच नाही म्हणाले. प्रत्येक जनावराभोवती एक अंतर असतं. आपण त्याच्या आत पाऊल टाकलं की ते सरकतं, मागे आलो की थांबतं. खांद्याच्या मागच्या बाजूला उभं राहिलं की ते पुढे चालतं. काठी लागत नाही, ओरडावं तर मुळीच लागत नाही.

आधी मी बघे हटवले. फोर्कलिफ्ट बंद करवली. स्टोअरमधून ताडपत्र्या मागवल्या आणि ड्रमांच्या बाजूने गेटपर्यंत माणसांकरवी धरून ठेवल्या. पलीकडचं दिसलं नाही की गुराला ताडपत्रीसुद्धा भिंतच वाटते. तयार झाली एक गल्ली.

एवढ्यात गोऱ्ह्याची मालकीण आली. जानीमावशी, बेटेगावकडची, साठीच्या पुढची. गुरं बाजारात न नेता घरीच वाढवणारी बाई. हा गोऱ्हा तिच्याच गोठ्यात जन्मलेला. त्याला वेसण घातलेली नव्हती, त्यामुळे धरून ओढायची सोय नव्हती. तिने मला एकच विचारलं, "डाक्टर, सुई नाय ना मारनार?" मी नाही म्हटल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली.

गोऱ्हा छान चालला. मी दोन पावलं, तो चार. गेटपाशी आला आणि खांब झाला. मी थोडी मागे झाले, पुन्हा सरकले. तो वळून माझ्या अगदी बाजूने मागे पळाला. ताडपत्री धरलेले दोघे जण ती सोडून पळाले.

मला वाटलं, बाहेर रस्त्यावर उभी असलेली माणसं त्याला दिसतात. ती हटवली. दुसऱ्यांदाही तेच. मग समोरचा ट्रक हलवला. तिसऱ्यांदाही तो तिथेच अडला. राऊतसाहेब म्हणाले, "सायरन वाजवतो. दचकून मारेल उडी." मारलीही असती, पण कुठल्या दिशेला ते कोणी सांगावं? मी त्यांना थांबवलं. पुढे काय करायचं ते मात्र मला सुचत नव्हतं.

जानीमावशी गेटपर्यंत चालत गेली. तिथे गटारावर लोखंडी जाळी आहे, गाड्या जाव्यात म्हणून. ती जाळीशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "तो याला भितो हाय. खाली खड्डा दिसतो त्याला. तो पाय टाकायचा नाय."

"पण सकाळी तर आला की यावरून," राऊतसाहेब म्हणाले.

"तवा कुत्री होती मागं. तवा त्यानं खाली बघितलंच नाय."

मी तिच्या शेजारी जाऊन वाकले. गुराच्या डोळ्याच्या उंचीवरून ती जाळी म्हणजे काळ्या फटींची रांग दिसत होती. एवढी वर्षं नोकरी करून मला हे आधी दिसायला हवं होतं. मी तसं मावशीला सांगितलं.

जाळीवर रिकामी पोती अंथरली. वर बागेतली माती, मातीवर मूठमूठ पेंढा. मावशी पलीकडे जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि हलक्या आवाजात गोऱ्ह्याला हाकारू लागली. मी त्याच्या खांद्यामागे गेले. तो थांबला. मान खाली घातली, पेंढा हुंगला, एक काडी चघळली. मग एक पाय टाकला. मग दुसरा.

मावशीने मागे वळूनही बघितलं नाही. ती बेटेगावच्या रस्त्याला लागली आणि तो तिच्या मागे.

राऊतसाहेबांना रिपोर्टमध्ये लिहायला 'कारण' हवं होतं. मी म्हणाले, जनावर अडलं की आपण सगळे त्याच्या मागे जमतो. त्याला काय दिसतंय ते बघायला पुढे जाऊन वाकावं लागतं. त्यांनी लिहिलं, 'गेटवरील जाळी.' तेही बरोबरच होतं.